पाण्यातला कानोसा

माझ्या आत्याच्या घरी रात्रभर दिवा जळायचा. एक स्वयंपाकघरात, एक मोरीकडे जाणाऱ्या बोळात. घरात काटकसर होती, विजेचं बिल आलं की चर्चा व्हायची, तरी ते दोन दिवे कुणी मालवत नसे. आम्हा मुलांना वाटायचं, आत्या अंधाराला घाबरते. खरं म्हणजे अंधारात तिला उभंच राहता येत नसे. उजेडात ती अंगण झाडायची, तुळशीला पाणी घालायची. दिवा गेला की भिंत धरून जागच्या जागी खाली बसायची. कानात अखंड शीळ वाजते म्हणायची, आणि आपण बोलू लागलो की डोळ्यांऐवजी आपल्या ओठांकडे पाहायची. ऐन तरुणपणी तिला क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं मिळाली म्हणून ती जगली, तिची मुलं झाली, नातवंडं झाली. ती इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आमच्या घरी कायम आदराने घेतलं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण त्या औषधाने प्राण वाचवता वाचवता तिच्या कानातल्या काही हजार पेशी नेल्या. त्या पुन्हा उगवत नाहीत.

कानाला आपण फक्त ऐकण्याचं काम देतो. पण कानाच्या आतल्या भागात, हाडाच्या पोकळीत, ऐकण्याच्या अवयवाला लागूनच तोल सांभाळणारा अवयव आहे, आणि दोन्हीकडे एकाच जातीच्या पेशी राबतात. उजेडात डोळे मेंदूला सांगतात की वर कुठे आणि खाली कुठे. अंधारात ती जबाबदारी एकट्या कानावर येते. आत्याचा कान तिथे गप्प होता.

औषध सगळ्या शरीरात फिरतं. मग ते नेमकं त्याच पेशींना का मारतं? हा प्रश्न माझ्या मनात वर्षानुवर्षं होता. त्याचं उत्तर मला क्षयरोगावरच्या पुस्तकांत मिळालं नाही. ते मिळालं नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट आणि ग्रोनिंगन या दोन विद्यापीठांत झालेल्या बेडकांच्या आणि माशांच्या अभ्यासात. तिथून मागे मागे जात राहिलो आणि हे पुस्तक तयार झालं. विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: माशापासून माणसापर्यंत पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांच्या आंतरकर्णात ज्या केशपेशी असतात, त्यांच्यातून कॅल्शियम आत येण्याची जी दारं आहेत, त्यांची ही गोष्ट.

शब्दांविषयी आधीच बोलून घेतो. इंग्रजीत ज्याला चॅनेल म्हणतात त्याला मराठी पाठ्यपुस्तकी शब्द 'वाहिनी' असा करता येतो, पण वाहिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकतर दूरदर्शन येतं किंवा रक्ताची नळी. पेशीच्या पडद्यात आरपार बसलेलं एक प्रथिन, जे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापुरतं उघडतं आणि मिटतं, त्याला मी बहुतेक ठिकाणी सरळ 'दार' म्हटलं आहे. जिथे अचूकपणा हवा तिथे चॅनेल हाच शब्द ठेवला आहे. आणि 'केशपेशी' या नावाने फसू नये. तिच्या डोक्यावर केस नसतात. असते ती ताठ, सूक्ष्म काड्यांची एक जुडी, बुटक्या काडीपासून उंच काडीपर्यंत जिन्याच्या पायऱ्यांसारखी रचलेली. प्रत्येक बुटक्या काडीचं टोक शेजारच्या उंच काडीला एका बारीक धाग्याने बांधलेलं असतं. जुडी उंच बाजूकडे कलली की धागा ताणला जातो आणि काडीच्या टोकाचं दार खेचून उघडतो. पोटॅशियम आणि कॅल्शियमचे भारित कण आत शिरतात. बाहेरच्या जगातली हालचाल पेशीच्या आत वीज बनते ती इथे.

माणसाच्या एका कानाच्या शंखाकृती नळीत अशा पेशी साधारण १५ ते १६ हजार. दोन्ही कानांच्या मिळून सगळ्यांना एकेक खुर्ची दिली तर मुंबईचं वानखेडे स्टेडियम जेमतेम भरेल. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात. कानाने मात्र एवढ्याशा शिबंदीवर सगळा गड राखायचा असतो. त्यातही मेंदूकडे बातमी पोचवण्याचं मुख्य काम आतल्या रांगेतल्या सुमारे साडेतीन हजार पेशींचं. बाकीच्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी आवाज वाढवून देतात.

आता दुसरं दार. पहिलं दार पेशीच्या डोक्यावर, दुसरं पायथ्याशी, जिथे चेतातंतू येऊन टेकलेला असतो. हे दार धाग्याने उघडत नाही, पेशीतल्या विजेच्या दाबाने उघडतं. त्यातून फक्त कॅल्शियम आत येतं, म्हणून खऱ्या अर्थाने 'कॅल्शियम चॅनेल' म्हणायचं ते हेच. शास्त्रज्ञांच्या बोलण्यात त्याचं नाव 'कॅव्ह १.३'. पेशीच्या बाहेर कॅल्शियम जितकं असतं त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याइतकंच आत मोकळं असतं. साताऱ्याकडच्या माणसाला हे समजावायला कोयनेचं धरण पुरे. भिंतीमागे एवढं पाणी तुंबलेलं असताना दरवाजा बोटभर उचलला तरी खाली नदीचं रूप पालटतं. कॅल्शियम आत घुसताच दाराशी टांगलेल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात, त्यातलं ग्लुटामेट चेतातंतूवर पडतं, आणि मेंदूला बातमी लागते. या पिशव्या एका छोट्या फितीसारख्या रचनेवर ओळीने टांगलेल्या असतात, म्हणजे एक फुटली की दुसरी हजरच. तबल्याच्या दोन बोलांमधलं अंतर आपल्याला कळतं ते या तयारीमुळे.

सोडियमने हे काम का केलं नसतं? सोडियम फक्त विद्युतभार आणतं. कॅल्शियम भारही आणतं आणि निरोपही; ते प्रथिनांना जाऊन चिकटतं, त्यांचा आकार बदलतं, त्यांच्याकडून काम करून घेतं. पण ज्याच्याकडून इतकं होतं ते सैल सोडून चालत नाही. पेशीत कॅल्शियम जास्त वेळ साचलं तर पेशी मरते. म्हणून दाराची जागा, संख्या आणि उघडं राहण्याचा वेळ या तिन्ही गोष्टी जपून ठरलेल्या असतात. शरीरातली अशी पुष्कळ कॅल्शियम दारं उघडल्यावर थोड्याच वेळात आपोआप मिटून पडतात. केशपेशीतलं दार अगदी थोड्या दाबाने उघडतं आणि सहसा थकत नाही. रात्रभर पडणाऱ्या पावसाचा आवाज पहाटेपर्यंत ऐकू येत राहतो तो त्याच्या या न थकण्यामुळे.

हे सगळं माशाकडून का शिकायचं, असं वाचकाच्या मनात आलं असेल. मासा बाहेरून पाहिला तर त्याला कान नाही. पण मासळी खाणाऱ्या घरातल्या कुणालाही विचारा: ढोम्याचं किंवा घोळीचं डोकं फोडलं की आत पांढरे, गुळगुळीत, दगडासारखे कठीण खडे सापडतात. तेच त्याच्या कानातले कर्णाश्म. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, म्हणजे खडूचेच भाऊबंद. माशाचं शरीर बहुतांशी पाण्याइतकंच जड असल्याने पाण्यातून आलेल्या आवाजाबरोबर ते डुलतं. खडा जड असल्याने मागे रेंगाळतो. खडा आणि शरीर यांच्यात पडलेलं ते सूक्ष्म अंतर खड्याखालच्या केशपेशींच्या जुड्या वाकवतं आणि माशाला ऐकू येतं. आपल्याही कानाच्या तोलाच्या अवयवात याच पदार्थाचे धुळीएवढे स्फटिक आहेत. ते जागचे सुटले की माणसाला पलंगावर कूस बदलताना घर फिरल्यासारखं वाटतं.

माशाने एक जास्तीची सोय ठेवली आहे. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ जाते, ती पार्श्वरेषा. तिच्यात ठिकठिकाणी केशपेशींचे पुंजके असतात, कानातल्यासारखेच. फरक एवढाच की आपल्या केशपेशी कवटीतल्या सर्वांत कठीण हाडात पुरलेल्या, तिथे हात घालायचा म्हणजे त्या मोडायच्याच. माशाच्या या पेशी मात्र कातडीवर, उघड्यावर. ज्याला जिवंत केशपेशी काम करताना बघायची आहे त्याच्यासाठी निसर्गाने खिडकी उघडी ठेवलेली आहे. त्या खिडकीतून सर्वांत चिकाटीने ज्यांनी पाहिलं त्यांत डच लोक होते.

ते का, याचं कारण मला त्या देशात फिरताना थोडं कळलं. ग्रोनिंगन शहराच्या मधोमध फिसमार्क्ट नावाचा चौक आहे; नावाचा अर्थ मासळीबाजार. शहराभोवती कालवे. पाणी जिथे रोजच्या जगण्याचा भाग असतं तिथे पाण्यातल्या प्राण्याला काय जाणवत असेल हा प्रश्न पडणं सोपं असतं. पेट्रुस काम्पर हा शरीरशास्त्रज्ञ अठराव्या शतकातच माशांच्या कानावर लिहीत होता, आणि पुढे तो याच ग्रोनिंगनला प्राध्यापक झाला. मासा मुळात ऐकतो की नाही, यावर तेव्हा विद्वानांत वाद होते.

तो वाद विसाव्या शतकात कार्ल फॉन फ्रिश यांनी निकाली काढला. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे तेच. त्यांनी शीळ घातली की घरातून बाहेर येणारा एक मासा शिकवून तयार केला होता. म्युनिकला त्यांच्या हाताखाली स्वेन डाइकग्राफ हा डच तरुण शिकला. डाइकग्राफ हे आडनाव मूळचं हुद्द्याचं. बांध आणि पाणी यांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाचा प्रमुख तो डाइकग्राफ, आपल्याकडे देशमुख किंवा कुलकर्णी व्हावं तसं. या पाणी सांभाळणाऱ्या आडनावाच्या माणसाने १९३४ मध्ये पार्श्वरेषेवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. ही रेघ म्हणजे आणखी एक कान नाही आणि साधी कातडीही नाही, तिच्याने माशाला जवळच्या पाण्याची हालचाल कळते, हे त्याने दाखवलं. या संवेदनेला त्याने 'दुरून होणारा स्पर्श' अशा अर्थाचा जर्मन शब्द दिला. मला हे वर्णन फार आवडतं. आंधळा मासाही समोरून येणाऱ्या वस्तूला शिवण्याआधीच शिवलेला असतो.

पुढे डाइकग्राफ उट्रेख्टला प्राध्यापक झाला. त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. युद्धकाळात, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याने वटवाघळांचा अभ्यास केला. यंत्र नसताना, नुसत्या कानाने, उडत्या वटवाघळाच्या तोंडून येणारी अगदी बारीक टिकटिक त्याने ऐकली आणि अडथळा जवळ आला की ती वाढते हे टिपलं. अमेरिकेत ग्रिफिन आणि गॅलम्बोस यांनी यंत्रांच्या मदतीने तेच शोधून काढलं होतं, पण युद्धामुळे एकमेकांची बातमी एकमेकांना नव्हती. १९४३ साली त्याने ते डच भाषेत छापलं. कानोसा घेणं म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरं ठिकाण ग्रोनिंगन. तिथे हेसल द व्रीस नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. जुन्या लाकडाचं आणि हाडांचं वय किरणोत्सारी कार्बनवरून काढण्याच्या पद्धतीला त्याने जी अचूकता आणली, तिच्यासाठी जग त्याला ओळखतं. पण हाच माणूस माशाच्या कानातला खडा किती मागे रेंगाळतो हे मोजत होता. १९५२ मध्ये त्याने यीलॉफ आणि स्पूर या सहकाऱ्यांबरोबर पार्श्वरेषेतली वीज मोजली. मासा होता पॉस: डच गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा, काटेरी, बाजारात फारशी किंमत नसलेला. पण त्याच्या डोक्यावरच्या कातडीखाली पार्श्वरेषेच्या नळ्या चांगल्या रुंद असतात, आणि गढूळ पाण्यात रात्री त्याचं पोट त्यांच्यावरच भरतं. प्रयोगात एक विचित्र गोष्ट दिसली. पाणी सेकंदाला शंभर वेळा हलवलं तर विजेचा ठोका दोनशे वेळा पडायचा. दुप्पट का?

उत्तर दहा वर्षांनी स्वीडनमध्ये ओके फ्लॉक आणि यान वेर्सेल यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. पुंजक्यातल्या निम्म्या पेशींच्या जुड्या एका दिशेला तोंड करून असतात आणि निम्म्यांच्या उलट दिशेला. पाणी पुढे गेलं की अर्ध्या पेशी बोलतात, मागे आलं की उरलेल्या अर्ध्या. म्हणजे केशपेशीला दिशा असते. ती कलली की बोलते, पण फक्त आपल्या बाजूला. कानाच्या शास्त्रातली ही पायाभूत गोष्ट एका बिनकिमतीच्या माशामुळे हाती आली. पुढे ग्रोनिंगनमध्येच सीत्से फान नेटेन आणि अल्फॉन्स क्रूसे यांनी याच माशाच्या पुंजक्यावरची मऊ टोपी कशी हलते ते लेझरने मोजलं, नॅनोमीटरच्या हिशेबात. माणसाच्या केसाची जाडी लाखाने भागली की जे उरतं तेवढ्या अंतराची ही गोष्ट आहे.

आता आत्याकडे परत येतो.

स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या नात्यातली औषधं पार्श्वरेषेवर टाकली की तिची वीज मंदावते, हे १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये दिसलं होतं. उट्रेख्टला क्रूसे आणि फान डेन बेर्केन यांनी नख्या असलेल्या आफ्रिकन बेडकाची पार्श्वरेषा घेऊन हाच प्रश्न नेटाने लावून धरला. औषधाचा एक परिणाम ताबडतोब होतो आणि धुतल्यावर जातो. दुसरा हळूहळू येतो आणि जात नाही. १९८९ मध्ये क्रूसे, दास आणि जेम्स हडस्पेथ यांनी बैलबेडकाच्या कानावर दाखवलं की ताबडतोब होणारा परिणाम म्हणजे औषधाचा रेणू काडीच्या टोकाच्या दारात जाऊन अडकणं. बाहेर कॅल्शियम वाढवलं तर तेवढ्याच परिणामाला औषध जास्त लागतं. दोघेही धनभारित, दोघांना एकाच उंबऱ्यातून जायचं असतं, म्हणून त्यांची चेंगराचेंगरी. आणि जो परिणाम जात नाही त्याचं कारण २००५ मध्ये मार्कोत्ती, फान नेटेन आणि क्रॉस यांच्या उंदरावरच्या कामातून स्पष्ट झालं. औषध त्या दारात नुसतं अडकत नाही, त्यातून आत जातं. आणि एकदा गेलं की त्या वाटेने बाहेर येऊ शकत नाही. दार त्याच्यापुरतं एकाच बाजूने उघडतं.

इतर पेशींना असं सतत अर्धवट उघडं असलेलं रुंद दार नसतं. केशपेशीला ते असतं, कारण त्याशिवाय तिला ऐकूच येणार नाही. त्यातून शंखाकृती नळीतल्या ज्या द्रवात या जुड्या बुडालेल्या असतात, त्यात कॅल्शियम फार थोडं असतं, म्हणजे औषधाला अडवायला दारात गर्दीही नाही. ज्या दारातून आत्याला पावसाचा आवाज यायचा आणि पायाखालची जमीन कळायची, त्याच दारातून औषध आत शिरलं. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. कुणाचीही चूक नव्हती, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा पूर्ण कळली.

आपल्या देशात क्षयाच्या औषधांनी कान गेलेली माणसं घरोघरी आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने दिली जात. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं आणि भर तोंडाने घेण्याच्या औषधांवर आला. ज्यांनी १९५२ मध्ये पॉस माशाच्या डोक्यावर तारा लावल्या, त्यांच्या मनात क्षयरोगी नव्हते. पण त्यांनी मोजलं नसतं तर पुढच्यांना मोजायचं कसं हे कळलं नसतं. 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपल्या विद्यापीठांत फार लवकर विचारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो.

पायथ्याच्या दाराची गोष्ट वेगळ्या माशाची आहे, आणि तो मासा आपला आहे. अंगावर निळे पट्टे असलेला, करंगळीहून लहान झेब्राफिश. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. भातखाचरांत आणि संथ ओढ्यांत राहणारा हा जीव आज जगभरच्या प्रयोगशाळांच्या टाक्यांत आहे: उट्रेख्टच्या ह्युब्रेख्ट संस्थेत, लायडनला, नायमेखनला, आणि परत फिरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही. त्याची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. पाच दिवसांचं पिल्लू तोल सांभाळून पोहतं आणि आवाजाला दचकतं.

तेरेसा निकोल्सन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत अशी पिल्लं शोधली जी सरळ पोहत नाहीत, गोल गोल फिरतात, आणि काच ठोकली तरी दचकत नाहीत. १९९८ मध्ये त्यांचं वर्णन आलं. घिरट्या घालणारी म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जातींना अंतराळातली नावं दिली: स्पुटनिक, ऑर्बिटर, जेमिनी. यातली जेमिनी आपल्या गोष्टीची नायिका. तिच्या केशपेशी धडधाकट, चेतातंतू जागच्या जागी. डोक्यावरचं दारही शाबूत, कारण त्याच दारातून आत जाणारा एक चकाकणारा रंग पेशीत व्यवस्थित उतरायचा. तरी पिल्लू बहिरं. २००४ मध्ये दोष सापडला: पायथ्याच्या कॅल्शियम दाराचा जनुक बिघडलेला होता. निरोगी माशात ही दारं पेशीच्या बुडाशी ठिपक्या ठिपक्यांनी, कड्याच्या आकारात, थेट फितीभोवती गोळा झालेली दिसली. आवाज पेशीपर्यंत पोचतो, पेशी वीज तयार करते, आणि निरोप उंबऱ्यावर थांबतो.

चार वर्षं आधी उंदरात हेच दिसलं होतं. कॅव्ह १.३ नसलेले उंदीर बहिरे असतात, आणि त्यांचं हृदय संथ चालतं, कारण हृदयाचा ठेका धरणाऱ्या पेशींतही तेच दार आहे. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मतः बहिरी आणि नाडी संथ असलेली माणसं याच दोषाची निघाली. बहिऱ्या मुलाच्या छातीचा आलेख काढायला डॉक्टर सांगतात तेव्हा आईवडील गोंधळतात, कानाचा आणि हृदयाचा काय संबंध म्हणून. असा संबंध असू शकतो. तो एका प्रथिनाचा आहे.

रक्तदाबासाठी रोज अ‍ॅम्लोडिपिन घेणारे वाचक इथे दचकतील, कारण ती गोळीही कॅल्शियम चॅनेलच बंद करते. त्यांनी निर्धास्त राहावं. रक्तवाहिन्यांतलं दार याचं सख्खं भावंड असलं तरी वेगळं आहे, आणि केशपेशीतल्या दारावर या औषधांचा प्रभाव बराच कमी पडतो. गोळी स्वतःहून बंद करू नये.

बेडूक आणि कासव यांनी या दाराचा आणखी एक उपयोग करून घेतला आहे. त्यांच्या केशपेशीत कॅल्शियमच्या दाराशेजारीच पोटॅशियमचं दार असतं. एक वीज वाढवतं, दुसरं लगेच उतरवतं, आणि पेशीतला दाब झोपाळ्यासारखा हलू लागतो. दारांच्या संख्येप्रमाणे आणि वेगाप्रमाणे प्रत्येक पेशीचा झोका वेगळा, म्हणून प्रत्येक पेशी एका ठरावीक सुराला प्रतिसाद देते. क्रॉफर्ड आणि फेटिप्लेस यांनी १९८१ मध्ये कासवात हे दाखवलं. या झोपाळ्यावर पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे. ते थोडं कठीण झालं आहे, पण मला ते वगळवलं नाही.

शेवटी आजची गोष्ट. आइंटहोवन, आम्स्टेलफेन अशा डच गावांत आता पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. तिथे बाळ जन्मलं की पहिल्या काही दिवसांतच आरोग्यसेविका घरी येते, टाचेतून रक्ताचे थेंब घेते आणि बाळाच्या कानात एक मऊ टोक ठेवून श्रवणाची चाचणी करते. २००६ पर्यंत ही तपासणी देशभर पोचली होती. कानाच्या आतून परत येणारा अगदी क्षीण प्रतिध्वनी त्यात टिपतात. तो प्रतिध्वनी बाहेरच्या रांगांतल्या, आवाज वाढवणाऱ्या पेशींचा असतो. बारशाला नातलग जमतात तोवर बाळाचा कान तपासून झालेला असतो, याचं मला कौतुक आहे. आपल्याकडे अजून कित्येक मुलांचा बहिरेपणा दोन-तीन वर्षांनी, बोलायला उशीर का होतो म्हणून, लक्षात येतो.

पण या प्रतिध्वनीला एक दोष दिसत नाही. ओटोफर्लिन नावाचं प्रथिन पायथ्याशी आलेलं कॅल्शियम ओळखतं आणि पिशवी फोडायचा हुकूम देतं. ते नसलं तर बाहेरच्या पेशी खुशाल प्रतिध्वनी देतात, चाचणी ठीक निघते, आणि मूल मात्र ऐकत नाही. ज्या आईला 'चाचणी चांगली आली, तुम्ही उगीच काळजी करता' असं सांगून परत पाठवलं जातं, तिचंच कधी कधी खरं असतं. शंका राहिली तर चेतातंतूंची वीज मोजणारी दुसरी चाचणी करून घ्यावी. अतिदक्षता विभागातल्या बाळांसाठी नेदरलँड्समध्ये तीच वापरतात. २०२४ च्या जानेवारीत चीनमधल्या डॉक्टरांनी ओटोफर्लिनचा निरोगी जनुक सहा मुलांच्या कानात सोडल्याचं प्रसिद्ध केलं. पाच मुलं ऐकू लागली. केशपेशी जिवंत होत्या, फक्त निरोप पोचत नव्हता, म्हणून हे जमलं.

मेलेल्या केशपेशींचं अजून जमलेलं नाही. झेब्राफिशच्या पिल्लाची पार्श्वरेषा आत्याच्या औषधाच्या नात्यातल्याच निओमायसिनने मारली, तर तीन दिवसांत नव्या पेशी उगवतात, नवी जुडी, नवी दारं, नवी फीत. आपल्यात ते होत नाही. ही क्षमता सस्तन प्राण्यांनी कुठे गमावली आणि ती परत जागवता येईल का, हा पुस्तकाचा अखेरचा भाग आहे.

वाचकाने आधी एक तयारी करावी. घरी मासळी चालत असेल तर पुढच्या वेळी ढोमा आणताना डोकं टाकून देऊ नका. उकडल्यावर कवटी मागच्या बाजूने हलकेच उघडा. मेंदूच्या खाली, दोन्ही बाजूंना एकेक, असे दोन पांढरे खडे निघतील. ते धुऊन जपून ठेवा. पहिल्या प्रकरणात लागतील.